पिक्चरमध्ये होडी पोचते

दर दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी एकच पिक्चर लागतो. एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीवरून काढलेला. होडीवाल्या म्हाताऱ्याचा नातू तापानं फणफणतो, नदीला पूर असतो, आणि म्हातारा त्याला होडीत घालून पलीकडच्या दवाखान्यात नेतो. होडी पोचते. पोरगं वाचतं. शेवटी ते म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसून जत्रेत फिरतं, आणि आमची पोरगी तिथं टाळ्या वाजवते.

लोक म्हणतात, मूळ पुस्तकाची सर पिक्चरला नाही. गावातले एक मास्तर माझ्या तोंडावर म्हणाले, पिक्चरवाल्यांनी शेवटाचा पार सत्यानाश केला. मी म्हटलं, केला तर केला. ज्याच्या घरची लेकरं धडधाकट आहेत त्यानं खुशाल पुस्तक वाचावं. पुस्तकात होडी पोचत नाही. दहावीला आम्हाला त्यातला धडा होता, म्हणून मी सगळं पुस्तक शोधून वाचलं आणि दोन दिवस धड जेवले नव्हते. तेव्हा तर मला पोरगीही नव्हती.

पोरीला सिकलसेल आहे. दोष माझ्या रक्तात होता, तिच्या बापाच्याही. लग्नाआधी कोणी तपासलं नाही, आणि दोन्हीकडचं तिच्या वाट्याला आलं. धान कापणीच्या दिवसांत थंडी पडली की तिचे गुडघे दुखायला लागतात, मग कंबर. तेव्हा शेकायचं, पाणी पाजत राहायचं आणि तो पिक्चर लावायचा. म्हातारा होडी सोडतो तेव्हा ती माझं बोट घट्ट धरते. मी टीव्हीकडं बघत नाही. तिचे डोळे पिवळे तर दिसत नाहीत ना, तेवढंच बघत बसते.

यंदा ती होस्टेलातून सुट्टीवर आली. सातवीत आहे. धुवायचे कपडे काढताना तिच्या पिशवीत ते पुस्तक सापडलं, शाळेच्या शिक्क्याचं. ती अंगणात मांजरीशी बोलत होती. मी पुस्तक उचललं आणि तांदळाच्या पिंपात खोल खुपसलं. अंगणवाडीत मी लोकांच्या लेकरांना गोष्टी सांगते, आणि स्वतःच्या लेकीपासून पुस्तक लपवते. लाज वाटली, पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे गुडघे दुखायला लागले. तिचा बाप सूरजागडच्या खाणीवर ड्युटीला गेलेला. मी गरम पाण्याची पिशवी भरली, पिक्चर लावला. म्हाताऱ्यानं होडी सोडली. तिनं माझं बोट धरलं नाही.

"आई, माह्यं पुस्तक कुठी ठेवलं?"

"कोन्तं पुस्तक?"

"काऊन लपवून राह्यली? वाचून झालं माह्यं. होस्टेलातच."

मी तिच्या पायावरची पिशवी उगाच इकडची तिकडं केली.

"मरते तो," ती म्हणाली. "मले लय भेव लागलं. झोपच नाई आली. मंग म्या पुन्हा वाचलं. त्याच्या आजानं तीन दिवस वाट पाह्यली, आई. ताप आपोआप उतरन म्हने. पिक्चरमध्ये तो लगेच निंगते. एवढाच फरक हाय."

इतकी वर्षं मला वाटत होतं, पिक्चरवाल्यांना त्या पोराची दया आली म्हणून ते वाचलं. उशीर कोणी केला आणि कोणी नाही, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आणि मी तर दर वेळी शेकून बघते, पाणी पाजून बघते, थांबून बघते.

"तुमी दोघं मले लगेच नेसान ना?" तिनं विचारलं.

"नेऊ ना. काऊन नाई नेणार?"

मग तिनं छातीवर हात ठेवला. "इथी बी दुखून राह्यलं. सकाळपासून. तू भेशील म्हणून सांगतलं नाई."

तालुक्याचा दवाखाना दीड तासावर, आणि घरची एकच गाडी तिच्या बापानं नेलेली. मी पिक्चर बंदही केला नाही. पायात चप्पल न घालता, ज्याच्या दारात गाडी दिसेल त्याच्याकडं पळत सुटले.