गोठ्यातला फोर-बाय-फोर

"ब्रेकचं वैनीस्नी सांगू नगा. त्या गप हाईत तवर बरं हाय."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी चहाचा ट्रे घेऊन गोठ्याच्या दारापर्यंत पोचले होते आणि बाळू भावजी ट्रकच्या खालून बोलत होते. माणूस गाडीखाली असला की त्याला वाटतं, आवाजही गाडीखालीच राहतो. मी तशीच मागं फिरले, चहा पुन्हा गरम केला आणि दुसऱ्यांदा आले ती पैंजण वाजवत. आत तिघंही कुठला रंग द्यायचा यावर बोलत होते.

तिघं म्हणजे संग्राम, माझा नवरा, आणि त्याचे दोन मित्र. बाळू भावजी, यांचं उद्यमनगरात वेल्डिंगचं दुकान. आणि दिगू भावजी, हे एका पतसंस्थेत नोकरीला असतात आणि उरलेला वेळ परदेशातल्या लोकांच्या गाड्या चिखलातून जाताना मोबाइलवर बघतात. लग्न होऊन मी पेठ वडगावहून कोल्हापुरात आले, राधानगरी रोडच्या या घरात, आणि माझ्या मागोमाग महिन्याभरात हा ट्रक आला. लष्करातून कधीकाळी लिलावात निघालेला, चारही चाकांना ताकद जाणारा, आणि वयानं संग्रामपेक्षा मोठा.

पावसाळा संपला की राधानगरीच्या पुढं डोंगरात ऑफ-रोडवाल्यांचा मेळावा भरतो. तिथं एका उतारावरून संग्राम हा ट्रक खाली आणणार होता. त्या उताराचा फोटो दिगू भावजींनी मला कौतुकानं दाखवला होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

म्हशी होत्या तेव्हा या गोठ्यात शेण साचायचं, आता किस्से साचतात. शेण निदान सकाळी उचलून टाकता यायचं. किस्से पोळ्या लाटतानाही डोक्यात असतात.

*

गाडी आली त्या दिवशीचा किस्सा आमच्या सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा.

तिच्यासाठी जागा हवी म्हणून दोन म्हशी चुलत्यांच्या गोठ्यात गेल्या होत्या. आबांनी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली. टायर दाबून बघितला, दार उघडून बघितलं. बाजारात जनावर बघतात तसं.

"ॲव्हरेज किती देती?"

दिगू भावजी हसले. "आबा, असल्या गाडीचं ॲव्हरेज इचारत न्हाईत."

"व्हय?" आबांनी टोपी नीट केली. "म्हंजे भाकड हाय."

आणि वैरण टाकायला निघून गेले. चुलत्यांच्या गोठ्यात.

*

काम सुरू झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की दिगू भावजींच्या मते गाडी रिस्टोअर होत होती आणि बाळू भावजींच्या मते मॉडिफाय. म्हणजे एक जण जुनं होतं तसं बसवायचा आणि दुसरा येऊन ते कापायचा. संग्राम दोघांनाही "बरोबर हाय" म्हणायचा. पाना ज्याच्या हाताजवळ, नट त्यानं आवळायचा. कुणी काय आवळलं याची आठवण फक्त नटांना.

अशा रीतीनं इंजिन चालू झालं. मग पूजा ठरली. हळद-कुंकू झालं, हार घातला आणि चारही चाकांच्या पुढं आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, एकेक लिंबू ठेवलं. गाडीनं लिंबं चिरडत पुढं जायचं. सगळे पुढं मोबाइल धरून उभे. ब्रेकचं वाक्य डोक्यात असल्यामुळं मी एकटीच, सुरक्षित म्हणून, मागं.

संग्रामनं पहिला गिअर टाकला. गाडी मागं आली.

मी पेंडेच्या पोत्यावरून उडी मारली. माझ्यात एवढी उडी आहे हे मला माहीत नव्हतं. गाडी पेंडेच्या पोत्यावरून गेली, घमेल्यावरून गेली आणि कडब्याच्या गंजीत शिरून थांबली. संग्रामचा पाय ब्रेकवरच होता, हे मी नंतर ऐकलं. थांबवली गंजीनं.

मागचा ॲक्सल, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारा दांडा, ग्रीसिंगला काढला होता, तो बसवताना उलटा बसला होता, आणि पुढच्या चाकांना ताकद अजून जोडलीच नव्हती. त्यामुळं पुढं जायचे सगळे गिअर मागं जात होते आणि मागं जायचा एक पुढं.

संग्राम केसातला कडबा झटकत खाली उतरला. मग बाळू भावजी म्हणाले, "मागं का असंना, चालती तर हाय."

दिगू भावजी म्हणाले, "चार रिव्हर्स असल्याली गाडी अख्ख्या जिल्ह्यात न्हाय."

आत्तींनी चारही लिंबं जशीच्या तशी उचलली. "तिला कळतंय," त्या म्हणाल्या, "पुढं जाऊ नये म्हणून."

लग्नानंतर सासूचं म्हणणं मला इतकं पटायची ती पहिलीच वेळ.

*

ॲक्सल सुलटा झाला. मग दिगू भावजींना गाडीला नाक पाहिजे झालं. इंजिनाला हवा वरून मिळावी म्हणून टपापर्यंत जाणारा पाइप, म्हणजे गाडी खोल पाण्यातून जाते. बाळू भावजींनी तो वेल्ड केला. लांबून धुराड्यासारखा दिसायचा. गल्लीतली पोरं त्यात खडे टाकायची म्हणून वर जाळी बसवली.

चाचणीला भोगावती नदीवर गेलो, मी काठावरच उतरले. काठावर एक मावशी धुणं धूत होत्या. गाडी पाण्यात शिरली, बॉनेटपर्यंत बुडाली, आणि इंजिन खरंच बंद पडलं नाही. फक्त केबिनच्या पत्र्याला जुनी भोकं होती, ती कुणी बुजवली नव्हती. तिघंही छातीपर्यंत पाण्यात, आणि दिगू भावजींचा मोबाइल धरलेला हात तेवढा वर.

मावशींनी पिळायचं लुगडं तसंच हातात धरलं. "पावणं, नाक गाडीला लावलंसा. आत माणसं बसत्यात की."

तिघं हसले. मला हसू आलं नाही, कारण पाणी निघायला उघडलेल्या दारातून मी संग्रामचा पाय बघत होते. चढावर गाडी दोनदा मागं, पाण्याकडं घसरली आणि त्याचा पाय पेडलवर हातपंप हापसल्यासारखा चालला होता. शेवटी फर्स्ट गिअरमध्ये, इंजिन बोंबलत, गाडी वर आली.

"ब्रेक वले झाल्यात," तो मला म्हणाला. मी काही विचारलं नव्हतं. "वाळले की लागतील."

*

ब्रेक वाळले. नंतर एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी बघितलं, चारही चाकं काढून ब्रेक उघडले होते. बरं वाटलं. मग तिघं मिसळ खायला गेले. आले, ढेकर दिले आणि चाकं परत बसवली. मधे काय झालं ते मला दिसलं नाही. मी खिडकीतून हललेही नव्हते.

जेवताना मी विचारलं, "ब्रेकचं झालं?"

"बाळूनं केलंय," संग्राम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चहा देताना बाळू भावजींना विचारलं. "त्ये दिग्यानं केलंय की, वैनी. त्येला लई कळतंय त्यातलं."

दिगू भावजी संध्याकाळी आले. "ब्रेक? त्ये संग्रामकडं हुतं."

तिघांचाही एकमेकांवर इतका विश्वास की त्यात ब्रेक राहूनच गेले. कुणी खोटंही बोलत नव्हतं, हीच पंचाईत. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं.

मी संग्रामला पुन्हा सांगून बघितलं, तर तो म्हणाला, "तू नको घाबरूस, तिघं तिघं हाय आम्ही."

भाजी निवडताना आत्तींजवळ विषय काढला. "आत्ती, ते उतारावर जाणार आहेत. ब्रेक कुणीच केलेले नाहीत."

"मग बोल की."

"कसं बोलू?"

आत्तींनी मेथीची जुडी सोडली. "तोंडानं."

*

मेळाव्याच्या दिवशी सकाळी गाडी अंगणात तोंड रस्त्याकडं करून उभी होती. आमचं अंगण फाटकापर्यंत चांगलं उतरतं आहे. हार घालून झाला होता. आत्तींनी डबे भरून दिले, दिगू भावजींनी हेल्मेट घालून तीन फोटो काढून घेतले. आबा कट्ट्यावर बसून तंबाखू मळत होते.

संग्रामनं माझ्याकडं बघितलं. माझा चेहरा बहुतेक वाचण्यासारखा झाला असावा.

"ब्रेक एकदम ओके हाईत," तो म्हणाला.

"एक नंबर, वैनी," बाळू भावजी म्हणाले.

"कंपनीतनं आल्यागत," दिगू भावजी म्हणाले.

मी गाडीच्या पुढच्या चाकांकडं बघितलं. दोन्ही चाकांपुढं एकेक मोठा दगड लावलेला होता. तिघांपैकी कुणी लावला ते मी विचारलं नाही. उत्तर मला पाठ होतं.

पदर खोचला आणि अंगणात उतरले. आवाज माझाच होता, पण मलाही नवीन वाटला.

"बाळू भावजी, दिगू भावजी, तुम्ही दोघं त्या फाटकात जाऊन उभं राहा. जवळजवळ राहा, गाडीच्या बरोबर समोर. अहो, तुम्ही आत बसा, पाय ब्रेकवर ठेवा. दगड मी काढते."