काकूचं गाणं

साऱ्या बडोद्यात माझ्या थोरल्या काकांइतका निर्मळ मनाचा माणूस नव्हता, आणि त्यांच्याइतकी माणसं दुसऱ्या कुणी दुखावलीही नव्हती. सयाजीराव महाराजांच्या पागेत घोड्यांशी बोलण्यात त्यांची हयात गेली. घोडी काही मनाला लावून घेत नसत, तेव्हा माणसंही घेत नसावीत, असा त्यांचा प्रामाणिक समज. जवळच्या छाणी गावी एका आजारी स्नेह्याच्या समाचाराला गेले, तर उशाशी बसून म्हणाले, "माझा मेहुणा शेवटी शेवटी अगदी असाच दिसायचा हो!" आणि मग त्याच माणसाचे पाय तासभर चेपत बसले. शेजारच्या शांताबेन तर हात जोडून त्यांना गप्प राहण्याची विनवणी करत, "काका, तमे ना बोलो तो ज सारुं!" काका खो खो हसत.

काकू त्यांचं सगळं हसण्यावारी नेई. तिन्हीसांजेला तांदूळ निवडताना ती भजन गुणगुणायची, आणि आम्ही पोरी अभ्यास सोडून ऐकत बसायचो. एकदा हळदीकुंकवाला बायकांनी फारच आग्रह केला, म्हणून तिने पहिल्यांदाच चारचौघींत गळा मोकळा सोडला. नेमके तेव्हाच काका बाहेरून आले नि दारातूनच म्हणाले, "आजारी घोडी इथे कुणी आणून बांधली?" बायका हसल्या. काकूही हसली. त्या दिवसापासून तिचं गाणं बंद झालं.

हे काकांच्या लक्षात यायला दोन महिने लागले. "घर हल्ली एवढं गप्प का गं?" त्यांनी मला विचारलं. मी भीत भीत सांगून टाकलं. त्यांचा चेहरा पडला. मग उठून ते काकूसमोर जाऊन बसले, तिच्या हातातलं सूप ओढून घेतलं आणि तांदूळ निवडत स्वतःच भजन म्हणू लागले. आवाज असा, की कुणाला काही झालं की काय म्हणून शांताबेन धावत आल्या, "कोने शुं थयुं?" काकूला पदर तोंडाला लावावा लागला.

"चुकलो मी," काका म्हणाले. "म्हण ना आता."

"आठवतच नाही हो," ती म्हणाली.

पुढे ती पुन्हा गाऊ लागली, पण काका घरी नसताना. त्यांच्या जोड्यांचा आवाज आला की तिचा गळा आपोआप मिटायचा. तिच्या मनात राग उरला नव्हता, तरी मिटायचा. काकांनी ते ओळखलं. मग पागेतून परतताना ते गल्लीच्या तोंडाशीच जोडे काढू लागले. एकदा मैत्रिणीकडून येताना मी पाहिलं, तर हा एवढा धिप्पाड माणूस जोडे काखेत धरून, आमच्याच घराच्या भिंतीला चोरासारखा टेकून उभा! मी काही बोलणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आत भजन रंगात आलं होतं. ते संपेपर्यंत आम्ही दोघं बाहेरच उभे राहिलो.