वन्संचा डोळा

आत्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा आई आणि ती तीन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. आम्ही मुलुंडला दोन खोल्यांत राहत होतो. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, शाळेतून रिटायर झालेली, लग्न न केलेली. ती आमच्याकडेच असायची. ताईच्या डोहाळजेवणात तिने चार बायकांसमोर आईच्या अळूवड्या खाजऱ्या झाल्यात असं म्हटलं होतं. तेवढ्यावरून. आई मला सांगायची, "आत्याला विचार, चहा आता घेणार का." आत्या हातभर अंतरावर बसलेली असायची. ती मला म्हणायची, "घेईन म्हणावं."

आत्या डोळ्यावर हिरवी पट्टी लावून घरी आली. डॉक्टरांनी थेंब दिले होते. आत सूज येऊ नये म्हणून दिवसातून सहा वेळा घालायचे. मी मरोळला एका कारखान्याच्या ऑफिसात होते, सकाळी सातला निघायचे. बाबांना दुसऱ्याच्या डोळ्याकडे नुसतं बघून घेरी यायची. राहिली आई.

आईने न बोलता काम सुरू केलं. हात साबणाने धुवायचे, आत्याची हनुवटी वर करायची, खालची पापणी ओढायची, थेंब टाकायचा. पहिले दोन दिवस आत्या ऐन वेळी डोळा मिटायची आणि थेंब गालावर जायचा. मध्ये निरोप सांगायला मी घरी नव्हते. संध्याकाळी आई म्हणाली, "तिला सांग, वर पंख्याकडे बघायचं." मी सांगितलं. तिसऱ्या दिवसापासून आत्या पंख्याकडे बघू लागली. मला म्हणाली, "तुझ्या आईचा हात हलका आहे. तिला सांगू नकोस."

तिसऱ्या आठवड्यात मामी आजारी पडली आणि आईला चार दिवस मानखुर्दला जावं लागलं. आत्या म्हणाली, "माझे मी घालीन." मी घालू का विचारलं की "झाले" म्हणायची.

आई परतली त्या शनिवारी मी अर्ध्या सुट्टीमुळे घरी होते. तिने पिशवी खाली ठेवली आणि आत्याकडे बघत उभी राहिली. डोळा लालभडक, पाणी गळतंय.

"वन्सं, हे काय करून ठेवलंत?"

बाबांनी पेपर खाली घेतला.

"घातले की मी थेंब," आत्या म्हणाली.

"कुठे, कपाळावर?"

आत्याने पदराने गालावरचं पाणी टिपलं. "दोन दिवस घातले. नेम लागेना. आणि दुखतही नव्हतं, मग सोडले."

आम्ही तिघी लगेच रिक्षाने डॉक्टरांकडे गेलो. त्या दोघी दोन बाजूंना बघत होत्या, मी मध्ये. डॉक्टरांनी तपासलं. "आत सूज आलीय. दुखत नाही म्हणून थेंब मनाने बंद करायचे नसतात. मी सांगेन तसे हळूहळू कमी करायचे. आता तासातासाला घाला. घरी कोण घालतं?"

"ही. माझी भावजय," आत्या म्हणाली. "चांगले घालते."

आई भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिली.

लाली जायला दोन आठवडे लागले. आई आता बोलून थेंब घालायची. "वर बघा. अजून वर. हलू नका." आत्या म्हणायची, "हललेच नाही." हे दिवसातून बारा वेळा.

पुढे टाके काढले. तेव्हा डोळ्यात भिंग बसवत नसत, म्हणून जाड भिंगांचा चष्मा मिळाला. दुकानातच तो लावून आत्याने आईकडे पाहिलं. "अगं, केवढी जाड झालीस तू!"

त्या चष्म्यातून सगळंच मोठं दिसतं, असं मी घाईघाईने सांगितलं. आईने ऐकून घेतलं. मग पायरीचा अंदाज चुकू नये म्हणून तिने आत्याचा दंड धरला आणि म्हणाली, "माझ्याकडे नंतर बघा. आधी पायाखाली बघा."