फाशी पाहून आलेला खासदार

माझे भावोजी खासदार झाले तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे होते. त्याआधीची सव्वीस वर्षं ते औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभे होते. दुकान त्यांच्या वडिलांचं. माझ्या ताईचं त्यांच्याशी लग्न झालं आणि वर्षभरात मीही तिथेच कामाला लागलो, म्हणून हे सगळं मी जवळून पाहिलं आहे.

माणूस जुन्या वळणाचा. डॉक्टरची चिठ्ठी नसेल तर सख्ख्या आईलाही झोपेची गोळी देणार नाही. लहान मुलांचं नवं औषध आलं की आधी स्वतःच्या जिभेवर थेंब टाकून बघणार, मगच फळीवर ठेवणार. घटस्फोट सोपा करू नये, शाळेत छडी असावी, रस्त्यांची जुनी नावं बदलू नयेत, अशी त्यांची मतं होती आणि ती न मागता मिळत. "खोकल्याच्या औषधाबरोबर उपदेश फुकट," असं ताई म्हणायची. गावात त्यांना पुडीवाले म्हणत, कारण त्यांचे वडील औषध खलून कागदाच्या पुड्या बांधून द्यायचे. पुढे निवडणुकीत विरोधकांनी त्यावरूनच टोला हाणला, "आजवर पुड्या बांधल्या, आता सोडणार!" भावोजी स्वतःही हसले होते.

निवडणुकीला उभं राहण्याचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं.

दुकानासमोर रस्त्यापलीकडे कपडे शिवणाऱ्या एक बाई राहायच्या. नवरा लवकर गेलेला, एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची. एका संध्याकाळी ती शिकवणीवरून परत आलीच नाही. तीन दिवसांनी सापडली ती गावाबाहेरच्या नाल्यात. एका ट्रक ड्रायव्हरने तिला मारलं होतं. ओळख पटवायला बाईंबरोबर भावोजी गेले. खटला दोन वर्षं चालला. प्रत्येक तारखेला ते दुकान माझ्यावर टाकून बाईंच्या शेजारी जाऊन बसायचे. शेवटी फाशीची शिक्षा झाली. पण त्याच सुमारास फाशीच बंद करावी अशी सरकारात चर्चा सुरू झाली.

बाई दुकानात आल्या. काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाल्या, "हे लोक त्याला सोडणार का हो?"

"नाही सोडणार," भावोजी म्हणाले. "माझा शब्द आहे."

औषधवाल्याच्या शब्दाला तिथे काय किंमत? हे त्यांनाही कळत होतं. पण जुन्या मतांच्या एका पक्षाला आमच्या भागात उमेदवार हवाच होता आणि गावात यांचं नाव चोख होतं. फाशी राहिलीच पाहिजे, या एकाच गोष्टीवर त्यांनी निवडणूक लढवली आणि जिंकली. पुन्हा उभे राहिले, पुन्हा जिंकले.

राजधानीत त्यांना दोन खोल्या मिळाल्या होत्या. स्वतःचा शर्ट स्वतः इस्त्री करायचे, जेवायला साडेसातला बसायचे. सभागृहात ते मागच्या बाकावर. फाशीचा विषय निघाला की पक्ष त्यांनाच उठवायचा आणि ते तेच बोलायचे: ज्याचं गेलं त्याला विचारा. बोलणं साधं, पण काळजाला भिडणारं. लोक ऐकायचे.

नवव्या वर्षी विरोधी बाकावरच्या एक वयस्कर डॉक्टरबाई उभ्या राहिल्या. "सन्माननीय सदस्य ज्या शिक्षेची इतकी खात्री देतात, ती त्यांनी कधी पाहिली आहे का? दुकानात तरी न बघता माल देत नसतील!"

सभागृह हसलं. भावोजी खाली बसले. त्या दिवशी फोनवर मला म्हणाले, "डॉक्टरबाई बरोबर बोलल्या. न चाखलेलं औषध मी नऊ वर्षं विकतोय."

त्याच वर्षी त्या ड्रायव्हरचं शेवटचं अपील फेटाळलं गेलं. भावोजींनी फाशीच्या वेळी हजर राहण्याची रीतसर परवानगी मागितली, मिळाली. बाईंनाही जायचं होतं, पण तुरुंगाने नकार दिला. निघण्याआधी त्या भावोजींना म्हणाल्या, "डोळे मिटू नका. मला सगळं सांगायचं."

फाशीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते बसमधून उतरून थेट दुकानात आले. पिशवी ठेवली आणि मागच्या नळाखाली हात धूत राहिले. पाण्याचा आवाज थांबेना म्हणून मी बघायला निघालो, तेवढ्यात बाई मशीन तसंच टाकून रस्ता ओलांडून आल्या.

"झालं?"

"झालं."

"काही बोलला?"

भावोजींनी हात पुसले. "तुमच्या मुलीचं नाव घेतलं. माफी मागितली."

बाई मटकन स्टुलावर बसल्या आणि पदरात तोंड खुपसून रडल्या. मुलगी गेल्यापासून त्यांना असं मोकळं रडताना मी पाहिलं नव्हतं.

त्या गेल्यावर भावोजी मला मागच्या खोलीत घेऊन गेले. खोक्यांच्या मधल्या जागेत आम्ही उभे होतो.

"केस पिकले होते रे त्याचे. माझ्या डोळ्यासमोर तो तरुणच होता. चपला काढायला सांगितल्या. त्याने काढल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या आणि शिपायाला विचारलं, 'इथेच ठेवू ना?' एवढंच बोलला. बाकी काही नाही."

"आणि माफी?"

"नाही मागितली. मग पायाखालची फळी पडली. डॉक्टर नाडी धरून उभा. मी घड्याळ बघत होतो. चौदा मिनिटं नाडी चालू होती. चौदा!"

"मग बाईंना तसं का सांगितलंत?"

"काय सांगू त्यांना? चपलांचं?"

पुढच्या अधिवेशनात फाशी रद्द करण्याचं विधेयक आलं. भावोजींचा रक्तदाब वाढला होता, म्हणून ताईने मला सोबत धाडलं होतं. पक्षाचे नेते खोलीवर आले. म्हणाले, "तुम्ही स्वतः पाहून आलात. तुमच्याइतकं वजन कुणाच्या शब्दाला असणार? चर्चा तुम्हीच सुरू करा."

"मत देईन. बोलणार नाही."

"का?"

"बोललो तर खरं बोलावं लागेल."

नेते काय समजायचं ते समजले. चहाला हात न लावता उठले.

मतदानाच्या दिवशी सभागृहाबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये त्या डॉक्टरबाईंनी त्यांना गाठलं. मी दोन हात अंतरावर उभा होतो.

"चार जण कुंपणावर बसलेत," त्या हळूच म्हणाल्या. "मत कुणालाही द्या. फक्त उठून पाहिलं ते सांगा."

"मी एका आईला शब्द दिलाय."

"कसला शब्द? गप्प बसण्याचा?"

भावोजी आत गेले. मी वरच्या गॅलरीतून पाहत होतो. चर्चा पाच तास चालली, ते एकदाही उठले नाहीत. शेवटी फाशी राहावी या बाजूने त्यांनी मत दिलं. विधेयक तीन मतांनी पडलं.

त्यानंतरच्या वर्षभरात आणखी तिघांना फाशी झाली. त्या त्या दिवशी ते जेवायला बसत नसत. ताईला वाटायचं पोट बिघडलंय, ती ताक द्यायची.

न बोलणारा खासदार पक्षाच्या काय कामाचा? पुढच्या वेळी तिकीट कापलं. ते पुन्हा काउंटरमागे आले. पण हात पहिल्यासारखा राहिला नव्हता. एकेक चिठ्ठी तीन-तीनदा वाचायचे, गिऱ्हाईक कंटाळून माझ्याकडे वळायचं.

बाई रोज येत. फाशीनंतर त्या जरा सावरल्या होत्या, खाऊ-पिऊ लागल्या होत्या. मग हळूहळू त्यांची झोप गेली. एकदा दुकानात कुणी नव्हतं, तेव्हा त्या म्हणाल्या, "एक विचारू? त्याने माफी मागितली म्हणजे आत कुठेतरी माणूस शिल्लक होता ना? मग आपण त्याला का मारलं हो? मी त्याला माफ केलंय मनातून. आता मला तोच दिसतो, पोरगी दिसत नाही."

मी भावोजींकडे पाहिलं. त्यांना अजूनही गप्प बसता आलं असतं.

"बाई, त्याने माफी मागितली नव्हती," ते म्हणाले. "मी खोटं बोललो." मग चपलांचं सांगितलं. चौदा मिनिटांचंही सांगितलं. काही लपवलं नाही.

बाई काउंटरपासून मागे सरल्या. म्हणाल्या, "म्हणजे मी ज्याला माफ केलं, तो कुणी नव्हताच."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून..."

"मला बरं वाटायला नको होतं. मला खरं हवं होतं. डोळे मिटू नका म्हटलं होतं मी."

त्या गेल्या. त्यानंतर औषधाला त्या बसस्टँडजवळच्या दुकानात जाऊ लागल्या. दुकानासमोरच्या खिडकीतलं शिलाई मशीनही त्यांनी आतल्या खोलीत हलवलं.

त्याच आठवड्यात भावोजींनी पाहिलेलं सगळं तीन पानांवर लिहून डॉक्टरबाईंना पाठवलं. हवं तिथे वाचा, माझं नाव घाला, असंही लिहिलं. पंधरा दिवसांनी त्यांचं उत्तर आलं: "सभागृहात आता आमचे निम्मेच लोक उरलेत, हे विधेयक माझ्या हयातीत पुन्हा येईल असं वाटत नाही. तरी लिहिलंत हे बरं केलंत." भावोजींचं पत्र एका वर्तमानपत्रात छापून आलं तेव्हा गावातल्या जुन्या मतदारांनी दुकानात येणं सोडलं. एकाने दारात उभं राहून त्यांना गद्दार म्हटलं. भावोजींनी त्याच्या हातातली चिठ्ठी घेतली, गोळ्या मोजून दिल्या आणि जेवणानंतर घ्या म्हणून सांगितलं.

तीन वर्षांनी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. अकरा दिवस सरकारी दवाखान्यात होते. पक्षाकडून कुणी आलं नाही. नवव्या दिवशी बाई आल्या. ताईने खुर्ची पुढे केली. त्या तासभर पलंगाची कड धरून बसल्या, भावोजींचे डोळे उघडे होते, पण दोघांपैकी कुणाला काही बोलायचं होतं की नाही, ते मला कळलं नाही. नर्स सलाईन बदलायला आली तेव्हा बाई उठल्या, ताईच्या पाठीवरून हात फिरवला आणि जिना उतरून गेल्या.

त्यानंतर दोन दिवसांनी भावोजी गेले.