पाहुण्याचा बर्फ

दांडीच्या मासळीवाल्या गोदूबाईला आमच्या चाळीतल्या घराघराचे वार पाठ होते. कुणाकडे सोमवार, कुणाकडे गुरुवार, संकष्टीला कुणाच्या दारात पाटी उतरवायची नाही, हे सगळे तिला आमच्या नवऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक. एकादशीला ती माझ्या दाराकडे वळत नसे. लांबूनच म्हणायची, "वयनी, आज तुमची एकादस, उद्या बारस. मी परवा येते." आणि परवा खरोखर येई.

मी देशावरची, कऱ्हाडकडची. हे अणुवीज केंद्राच्या बांधकामावर ओव्हरसिअर म्हणून लागले, तेव्हा आम्ही बोईसरला बिऱ्हाड केले. मला मासे ठाऊक ते नदीचे. शेजारच्या गोजराबाई नांदेडकडच्या, त्यांनी पहिल्यांदा बोंबील हातात घेतला आणि म्हणाल्या, "अगं, यात काही हाय का नुसतं पाणीच?"

"पाणीच हाय," गोदूबाई म्हणाली, "पण माझा नवरा ते जाळ्यात धरून आणतो. तुमचा आणून दाखवू दे."

गोजराबाई तिथेच तिच्या गिऱ्हाईक झाल्या.

गोदूबाई पन्नाशीची असेल. घट्ट काष्टा, केसांत अबोलीचा वळेसर, आवाज असा की रेल्वेफाटकापाशी बोलली तर आम्ही तवा चढवायचो. पण आमची चाळ फाटकाच्या पलीकडे, तिच्या फेरीतली शेवटची. पूर्वी ती आमच्यापर्यंत पोचतच नसे. ऊन चढले की मासळी नरम पडे, आणि नरम मासळी ती विकायची नाही. अलीकडच्या चाळींतूनच मागे फिरे. दांडीच्या किनाऱ्यावर बर्फाची कोठी आली तेव्हापासून पाटीत बर्फ घालून ती आमच्याकडे येऊ लागली. आमच्या चाळीच्या विक्रीवरच तिने घराला कौले घातली.

कोठी मुंबईच्या एका बर्फकंपनीची. पत्र्याची, चांगली ऐसपैस, खाली चार लोखंडी चाके. रोज पहाटे लॉरीतून लाद्या येत आणि कारकून रामकिसन त्या फोडून विकी. कोठी आली त्या दिवशी बायकांनी तिच्यापुढे नारळ फोडला होता. चाके आणण्यापुरती असतील, मग काढतील, असे सगळ्यांना वाटले. चाके काही निघाली नाहीत.

ती का निघाली नाहीत, हे ग्रामपंचायतीने घरपट्टी मागितली तेव्हा कळले. कंपनीचे उत्तर आले की हे घर नव्हे, गाडी आहे. गाडीला घरपट्टी नसते. आणि गाडीची नोंद मुंबईला, तेव्हा इथे तिचाही कर नाही. रामकिसन स्वतःच कौतुकाने सांगे, "आमच्या साहेबांनी मोठा वकील बसवून ही चाकं लावली."

इकडे त्या लॉऱ्यांनी एसटीच्या थांब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची मोरी, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, खचवली होती. पंचायत त्या पट्टीच्या भरवशावर दुरुस्तीला हात घालणार होती. मोरी गेली तर एसटी किनाऱ्याला येणार नाही, आणि एसटी नाही आली तर गोदूबाईची पाटी चालत कुठवर पोचणार? आमची चाळ तिच्या हातून जाणार, हे तिला आमच्याआधी कळले होते.

ती हे सांगत आमच्या पायरीवर चहा पीत होती. हे आतून म्हणाले, "गोदूबाई, कंपनीचं यात बेकायदा काही नाही."

"बेकायदा कोण म्हणतो सायेब? पण रस्ता आमचा मोडला ना."

"आणि कंपनीचा कर वाचतो म्हणून तर तुला बर्फ स्वस्त मिळतो."

 तिने बशीतला चहा संपवला आणि म्हणाली, "ते बी खरं हाय." मग पाटी उचलून गेली. मला वाटले, विषय मिटला.

दांडीत एक जुनी रीत आहे. होडी भरून आली की मासळीचे वाटे पडतात: होडीचा, जाळ्याचा, खलाशांचा, आणि एक देवाचा. देवाचा वाटा गावकीकडे जातो. त्यातून देवळाचा दिवा, विहिरीचा गाळ, अडल्यानडल्याचे बाळंतपण निघते. वाटा देतो तो गावचा. देत नाही तो पाहुणा.

गावकी बसली तेव्हा तरुण पोरे म्हणाली, चाकं आहेत ना, ढकला समुद्रात. गोदूबाई उठली. "ढकलू नका. तो वाटा देत नाय, म्हणजे पावणा हाय. पावण्याला आपण काय करतो? जेवू घालतो. पावण्याशी सौदा करतो का?"

लोक हसले. गावकीचा म्होरक्या देवू तांडेल मात्र हसला नाही. म्हणाला, "गोदू, बर्फ बंद झाला तर पहिली तू बुडशील."

"म्हणून तर मी बोलते. दुसरी बोलली असती तर तुमी म्हणाला असता, हिचं काय जातं."

दुसऱ्या दिवसापासून दांडीत कुणी बर्फ घेईना. आणि रामकिसनला मात्र रोज एका घरचे जेवण. तो माळकरी, म्हणून त्याच्यासाठी वालाचे बिरडे, तांदळाची भाकरी, वर ताक. लाद्या वितळून कोठीखालून ओहोळ वाहू लागला, गावची कुत्री त्यात गार होऊन झोपू लागली.

"मावशी, जेवण राहू द्या, एक लादी तरी घ्या," तो हात जोडी.

"पावण्याकडून काय घ्यायचं बाबा? भाकर अजून एक वाढू?"

गोदूबाईचा अंदाज होता की चार दिवसांत कंपनी नमेल. कंपनी कसली नमते. पंधरवडा गेला. आमच्याकडे स्टेशनवरून दुसरीच एक मासळीवाली बर्फातली सुरमई घेऊन येऊ लागली. गोजराबाईंनी तिच्याकडून घेतली, मीही घेतली.

मग एका सकाळी गोदूबाई आली. पाटीत सुका बोंबील, सुकट. झाला प्रकार तिने सांगितला आणि म्हणाली, "ताजी मिळाली तिथून घ्या. माझा राग नाय. पण मोरी होईपर्यंत माझ्याकडं हेच हाय."

गुरुवारी माझ्याकडे पोथी असते, चाळीतल्या बायका जमतात. आरती झाल्यावर मी विषय काढला, की मोरी होईपर्यंत ताजी सोडून गोदूबाईकडचेच घेऊ. प्रसाद हातात धरून तासभर वाद झाला. एक म्हणाली, त्यांच्या मोरीसाठी आपण सुकट का खायची? दुसरी म्हणाली, आपल्या नळाला पाणी येते तेही कुणी पट्टी भरते म्हणूनच. गोजराबाई म्हणाल्या, "सुरमई ग्वाड होती, खोटं कशाला बोलू. पण घशाखाली नीट उतरंना." सगळ्या काही तयार झाल्या नाहीत. निम्म्या झाल्या. दत्तगुरूंना मी मनात म्हटले, निम्म्या तर निम्म्या.

मग आमच्या चाळीत सुकटीचा असा घमघमाट सुटला की पोस्टमन लांबून शिट्टी वाजवी. हे ताटावर बसले की म्हणत, "आजपण सुकट? कंपनीने स्वतःचा कर चुकवला आणि तो माझ्या जिभेवर बसवला." पण दुसरी भाकरी मागून घेत.

अखेर कंपनीचे साहेब मोटारीतून दांडीला आले. त्यांना खाटेवर बसवले, शहाळे दिले. वाद घालायला वकील बरोबर आणला होता, पण वाद घालायला समोर कुणीच तयार नव्हते. साहेबांनी बर्फाचा भाव उतरवतो म्हटले. देवू तांडेल म्हणाला, "पावण्याशी भाव करत नाय आमी. मलई काढून देऊ का?"

साहेबांनी शहाळे रिकामे करून खाली ठेवले. रामकिसन त्यांच्या मागे उभा, रोजच्या पाहुणचाराने अंगाने भरलेला. शेवटी साहेबांनी विचारले, "पाहुणा नको असेल तर काय करायचं?"

गोदूबाई म्हणाली, "वाटा द्या. मग आमी तुमच्याशी भांडू बी."

चाके निघाली. कोठीखाली विटांचे जोते आले, घरपट्टी भरली गेली, आणि पावसाच्या आधी मोरी बांधून झाली.

नव्या मोरीवरून एसटी धावली त्या आठवड्यात गोदूबाई फाटकापलीकडून ओरडतच आली. पाटीत बर्फावर पापलेटे चकचकत होती. मी भाव विचारला तर पूर्वीपेक्षा चढा.

"का गं?"

"कंपनीनं बर्फ वाढवला. पट्टी भरायची तर वाढवणारच."

"म्हणजे पट्टी शेवटी आम्हीच भरली?"

"थोडी तुमी, थोडी मी, थोडी कंपनी." तिने पापलेट उलटून कल्ला दाखवला, लालभडक. "नको आसंल तर सुकट हाय अजून घरी."

आतून ह्यांचा आवाज आला, "घे, घे, जे मागते ते दे."

मी पैसे दिले. पण ओले बोंबील दोन जास्त घातल्याशिवाय पाटी उचलू दिली नाही. तिने घातले. पोथीच्या दिवशीचे गोजराबाईंचे बोलणे मी तिला केव्हाच सांगितले होते; त्यांच्या दाराशी जाऊन तिने आधी एवढेच विचारले, "काय, ती सुरमई उतरली का शेवटी घशाखाली?"