लिंबाखालचा हॉर्न

यवतमाळच्या शोरूममध्ये मी तीन इलेक्ट्रिक स्कूटरी चालवून पाहिल्या, तरी एक ठरेना. तिथेच खांद्यावर दुपट्टा टाकलेला, साठीचा एक अनोळखी शेतकरी आला होता. सेल्समन बॅटरीचं सांगत राही आणि हा गाडी घेऊन थेट समोरच्या लिंबापर्यंत जाई, तिथून हॉर्न वाजवी आणि परत येऊन मला विचारी, "आला का आयकू?"

मी दरवेळी मान डोलावली, पण त्याचं समाधान होईना. शेवटी विचारलंच, "काका, हॉर्नचं एवढं काय?"

"अरे बाबू, आमच्या बुढीले कमी आयकू येते. जुन्या फटफटीचा आवाज नाल्यावर आला का ते चहा मांडते. हे गाडी तं मांजरीवानी येते. मंग चहा कोन मांडन?"

शेवटच्या गाडीचा हॉर्न भलताच कर्कश निघाला. लिंबाखालून तो हसतच परतला. "हेच पाह्यजे!"

मग मीही तीच घेतली. आठवड्याने गाडी घरी आणताना घराजवळच्या वळणावरच दोनदा हॉर्न दाबला.

आतून बायको ओरडली, "काहून वाजवून राह्यले? चहा कधीचा निवून राह्यला!"