शिमग्याची पोस्त आयर्लंडला पाठवताना

लिहायला फार उशीर झाला, माफ करा. शिमग्याला दिल्लीला जाऊन आलो आणि आता इकडे आंब्याच्या पेट्या भरून होत आल्या. तिघाचौघांनी विचारलेही, आजोबा, दिल्लीचे कधी लिहिताय? खरे कारण सांगतो. केतकीच्या कॉलेजची पावती येईपर्यंत एक अक्षर लिहायचे नाही असे मी ठरवले होते. आधी लिहिले आणि मग कुठे काही अडले तर, ही भीती. पावती आली. आता सुचेल तसे लिहितो. आठवी शिकलेल्या माणसाचे लिहिणे आहे, सांभाळून घ्या.

केतकी माझी नात. तिचे वडील, म्हणजे माझा मुलगा विलास, दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. केतकी शिकायला आयर्लंडला गेली. फीचा पहिला हप्ता विलासने कर्ज काढून भरला. दुसरा होळीच्याच आठवड्यात भरायचा होता. तो वेळेत पोचला नाही तर कॉलेजातून नाव कमी होईल, मग व्हिसाचेही काही खरे नाही, असे कानावर आले आणि माझी झोप गेली. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो तेव्हाची एक मुदत ठेव होती. ती मोडली आणि म्हटले, हा हप्ता माझा.

केतकी फोनवर म्हणाली, "घेईन आजोबा, पण उधार. नोकरी लागली की पहिले तुमचे परत."

हे मला लागले. आमच्या रत्नागिरीकडे शिमग्याला पोरांना आणि सोंगे घेऊन दारी येणाऱ्यांना पोस्त देतात. पोस्त म्हणजे सणाची खुशी. ती कोणी परत मागत नाही, कोणी परत करत नाही. म्हणून मनाशी ठरवले, हे पैसे पोस्त म्हणूनच जातील.

आमच्या गावच्या शाखेत परदेशी व्यवहार होत नाही, दिल्लीत विलासच्या घराजवळच्या शाखेत होतो. विलास म्हणाला, "बाबा, मोबाईलवरून मी पाठवतो, तुम्ही फक्त माझ्याकडे टाका." पण मला ते स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या सहीने पाठवायचे होते. देवाची पालखी आमच्या घरी होळीनंतर आठवड्याने येते, तोवर परत येता येईल असा हिशेब केला आणि तिकीट काढले.

रत्नागिरीहून दिल्लीची थेट गाडी आहे. सकाळी बसलो की दुसऱ्या दिवशी दुपारी निजामुद्दीन. स्लीपरचे सात-आठशे रुपये पडतात. थालीपीठ आणि लसणाची चटणी घरून घ्या, गाडीतल्या जेवणात मीठ सोडून काही लागत नाही. पासबुक, पॅन कार्ड, आधार, केतकीच्या पासपोर्टची प्रत आणि कॉलेजचे फीचे पत्र असे सगळे मी बनियनच्या आतल्या खिशात शिवून घेतले होते. समोरच्या बाकावर मडगावहून येणाऱ्या एक बाई होत्या. मी सारखा छातीवर हात नेतो हे पाहून त्या म्हणाल्या, "काका, दुखतंय का? गोळी देऊ?" नको म्हणालो, तरी पुढे कोटा स्टेशनपर्यंत त्या माझ्यावर लक्ष ठेवून होत्या.

निजामुद्दीनला उतरलात तर रिक्षावाल्यांच्या नादी लागू नका. स्टेशनच्या बाहेर गुलाबी मार्गाची मेट्रो आहे. यमुना ओलांडली की मयूर विहार, तिथेच विलासची सोसायटी. बसायला जागा मिळेपर्यंत उतरायची वेळ होते.

दुसऱ्या दिवशी विलासबरोबर बँकेत गेलो. परदेशी व्यवहाराच्या टेबलावर एक मॅडम होत्या, केतकीपेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी समजावले की बाहेर पैसे पाठवायचे तीन-चार रस्ते आहेत. बँकेतून थेट तिकडच्या खात्यात, परवाना असलेल्या मनी चेंजरकडून, मोबाईलवरच्या कंपन्यांकडून, नाहीतर मुलांना जे परदेशी कार्ड देतात त्यात भरून. रस्ता कुठलाही असो, पॅन लागतेच, आणि पैसे कशासाठी हे लिहून सही द्यावी लागते. बँकेचे शुल्क, त्यावर कर, आणि युरोचा भाव बाहेरच्या फलकापेक्षा थोडा चढा, हेही धरून चाला.

"तो अंकल, फीस लिख दूँ?" मॅडमनी विचारले.

"नहीं. गिफ्ट लिखिए."

"पर लेटर तो आपने फीस का लगाया है. ऊपर से पूछेंगे."

"पूछने दीजिए. दादा पोती को होली पे दे रहा है."

त्यांनी विलासकडे पाहिले. विलासने खांदे उडवले. "लिख दीजिए मॅडम, इनसे कोई नहीं जीता."

सही केली आणि बाहेर पडलो. खाली छोले-कुलचे खाल्ले. गाडीवर स्वस्त आणि गरम मिळतात, कच्चा कांदा मागून घ्या.

तेव्हापासून फोन सुरू झाले. अनोळखी नंबर. एक माणूस म्हणे, "सर, बैंक से बोल रहा हूँ, आपने जो पैसा बाहर भेजा है..." आता तुम्हीच सांगा, टीव्हीवर रोज सांगतात ना, बँकेच्या नावाने फोन आला तर बोलू नका? मी म्हणालो, "शरम नहीं आती, बूढ़े आदमी को लूटते हो?" आणि ठेवला. परत आला, परत सुनावले. शेवटी विलासने शिकवले होते तसा तो नंबर बंदच करून टाकला आणि आपण फसलो नाही या समाधानात चहा घेतला.

होळीच्या दिवशी दुपारी सूनबाई शुभाबरोबर पहाडगंजला गेलो. सोसायटीतल्या मराठी मंडळींसाठी रंग आणि पिचकाऱ्या तिकडे घाऊक भावात मिळतात. मयूर विहारहून निळ्या मार्गाने रामकृष्ण आश्रमाला उतरायचे, पन्नासच्या आत तिकीट. गुलाल किलोने घ्या, पण हातावर चोळून पाहा, चमकी असलेला नको. तिथेच केतकीचा फोन आला. "आजोबा, पैसे अजून आले नाहीत. कॉलेजने आजपण मेल केली. तुम्ही टेन्शन घेऊ नका हं." घेऊ नका म्हटले की मी घेतोच.

शुभा रंगांचे पैसे देत होती तेवढ्यात शेजारच्या दारातून एकाने मला हाक मारली. त्याने फोन ऐकला असावा. "अंकल, कैश दे दो. कल सुबह बच्ची के हाथ में. कोई कागज नहीं, कोई सवाल नहीं."

खोटे कशाला सांगू, माझे पाय थांबले. कागद नको, प्रश्न नको, उद्या सकाळी. गळ्यातली चेन मोडून इथेच रोख उभी करावी असेही मनात आले. शुभाने मागून दंड धरला. "बाबा, चला. ज्याला कागद नको त्याला उद्या शोधायचं कुठे?" त्या माणसाला ती म्हणाली, "भैया, अपनी दुकान देखो." तो हसून आत गेला. मला मात्र मेट्रोत घाम फुटला.

संध्याकाळी सोसायटीच्या कोपऱ्यावर होळी. तिथली पद्धत वेगळी. शेणाच्या छोट्या गोवऱ्या मध्ये भोक पाडून माळेत ओवतात आणि होळीवर घालतात. गव्हाच्या ओंब्या जाळावर भाजून दाणे वाटतात. आपल्यासारखे झाड उभे करत नाहीत. मराठी घरांतून पुरणपोळीचा नैवेद्य आला, नारळ पडला. फोटो काढायला विलासने माझा फोन घेतला आणि फोटो सोडून तो मेसेजच वाचू लागला.

"बाबा, हा कुठला नंबर ब्लॉक केलाय तुम्ही?"

"चोर आहे तो."

"चोर नाही, बँकच आहे. मेसेज पण आलेत. पैसे अडकवलेत त्यांनी. विचारतायत, फी की गिफ्ट?"

मेसेज इंग्रजीत होते, मी कधी उघडलेच नव्हते. पलीकडे मंडळींनी तोंडावर हात मारून एकदम बोंब ठोकली. गेटवरचा गार्ड काठी घेऊन धावत आला. "क्या हुआ जी, किसको लगी?" सगळे हसत होते. मला वाटले, मलाच लागली. दुसऱ्या दिवशी धुळवड, बँक बंद. केतकीच्या हातात त्यानंतर दोनच दिवस राहत होते.

धुळवडीला लोक गुजिया, म्हणजे त्यांच्या करंज्या, घेऊन येत होते, गालाला गुलाल लावत होते. तिकडे रंग पंचमीपर्यंत थांबत नाहीत, सगळे एका सकाळीच उरकतात. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. विलास रागावला असता तर बरे झाले असते. तो नुसता येऊन शेजारी बसला आणि म्हणाला, "बाबा, फी लिहा ना. काय फरक पडतो?"

"ती परत करील."

"करू दे की. माझ्या शिक्षणाचे पैसे मी तुम्हाला परत केले ते घेतलेत ना तुम्ही?"

मी घेतले होते. घरदुरुस्तीला वापरले होते.

बँक उघडायच्या आधीच आम्ही दारात होतो. मॅडमच्या कानामागे अजून हिरवा रंग होता. मला पाहताच म्हणाल्या, "अंकल, हमारे लड़के को आपने चोर बोला? बेचारा होली के दिन मुँह लटकाए बैठा था." मी माफी मागितली. त्यांनी नवा कागद पुढे केला. फी असे लिहून सही केली. सही जुळली. मॅडमनी तिथूनच फोन लावला आणि म्हणाल्या, आता निघाले.

निघाले म्हणजे पोचले नव्हेत. दुसरा दिवस कसा गेला ते लिहीत नाही. संध्याकाळी केतकीचा व्हिडिओ कॉल आला. "आजोबा, आले यार. फी भरली पण." शुभाने पाण्याचा पेला आणून दिला तेव्हा कळले की सकाळपासून मी पाणीही नीट प्यायलो नव्हतो. त्या रात्री मी इतका झोपलो की विलासने दोनदा येऊन श्वास पाहिला म्हणे.

पालखीच्या आदल्या दिवशी घरी पोचलो. अंगण सारवून झाले होते. छातीवरचे ओझे मात्र उतरले होते. पैसे पाठवणाऱ्यांना एवढेच सांगतो, जे असेल तेच कागदावर लिहा, आणि फोनवर संशय आला तर नंबर बंद करण्याआधी शाखेत जाऊन विचारा.

पालखी घरी नाचली ते केतकीला फोनवर दाखवले. ती म्हणाली, "आजोबा, फी मी परत करणार, ते पक्कं. पण ती फी झाली. माझी पोस्त कुठाय?"

आता पंचाईत अशी की पोस्त एकशे एक रुपयाची असते आणि बँकेचे शुल्क त्याच्या कितीतरी पट. कार्डात एवढे कमी भरता येत नाही असे विलास म्हणतो. केतकी दर रविवारी विचारते. तुमच्यापैकी कोणी एवढी लहान रक्कम परदेशी पाठवली असेल, कागदपत्रासह, सरळ मार्गाने, तर खाली लिहा. आणि जरा लवकर कळवा. पोस्त शिळी होऊ देत नाहीत.